अठरा पूर्ण झाल्यावरचं लाइव्ह लोकेशन

मुलगी 18 वर्षांची झाली, तरी तिच्या फोनचं लाइव्ह लोकेशन आपल्या फोनवर दिसत राहावं का, हा प्रश्न आज मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत पुष्कळ घरांत आहे. आमच्याही घरी आहे. कायद्यापुरता तो सुटलेलाच आहे. 1989 मध्ये मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं. स्वतःच्या नावाने करार करता येतो तोही याच वयापासून. जिला सरकार निवडता येतं, तिने आपण कुठे उतरलो याचा हिशेब आईबापांना का द्यावा?

पण काळजीला कायदा सांगून भागत नाही, आणि ती खोटीही नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. लोकल बंद, फोन लागेनात, माणसं कंबरभर पाण्यातून चालत घर गाठत होती. ती रात्र ज्यांनी दाराशी उभं राहून काढली, त्यांना अतिकाळजी करणारे म्हणवत नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडून दगावले. आमचीही हीच मध्य रेल्वे.

खरा पेच मला दुसरीकडेच दिसतो. वन बीएचकेत वाढलेल्या मुलीला स्वतःची खोली नसते. अभ्यास हॉलमध्ये, गादी तिथेच, मैत्रिणीशी बोलायचं तर जिन्यात नाहीतर गच्चीवर. इथली भाडी पाहता नोकरी लागली तरी ती लगेच वेगळं बिऱ्हाड करेल असं नाही. तेव्हा तिला एकांत मिळतो तो घराबाहेरच: लेडीज डब्यात, कॉलेजच्या कट्ट्यावर, घाटकोपरला लोकल सोडून मेट्रो पकडताना मध्येच कुठेतरी रेंगाळण्यात. स्वतःचं मत, स्वतःची माणसं तिला तिथेच सापडणार. नकाशावरचा ठिपका तिची तेवढीही जागा काढून घेतो.

आणि मुलांकडे हे लोकेशन क्वचितच मागितलं जातं. दाराला लटकून येणारे बहुतेक तेच असतात, तरी. मग ही निव्वळ सुरक्षिततेची गोष्ट कशी म्हणायची? चर्चगेट-बोरिवली मार्गावर 1992 मध्ये पहिली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हा बायकांच्या अडचणीवर त्यांना जास्त जागा देऊन उत्तर शोधलं गेलं. मला ती दिशा पटते.

म्हणून आमच्यापुरतं ठरलंय: लोकेशन बंद. रात्री उशीर होणार असेल किंवा पाऊस धो-धो लागला, तर ती स्वतः सुरू करेल. एरवी ‘पोचले’ एवढा मेसेज. एखाद्या रात्री ती विसरेल आणि आम्ही जागत बसू, हे धरूनच ठरवलंय. धाकटा अजून शाळेत आहे. त्यालाही पुढे हाच नियम, मेसेजसकट.