सावलीला गुण किती?

गेल्या मे महिन्यात आम्ही चार-पाच मित्र केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला गेलो होतो. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला आणि १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतलेला किल्ला पाहावा आणि संध्याकाळी परतावे, एवढाच बेत. पण मनात राहिली ती गावातल्या एका घराची पडवी. डांबरी रस्त्यावर जीव कासावीस झाला होता. पडवीत टेकल्यावर थोड्याच वेळात अंगावरचा घाम वाळला. पंखा फिरत नव्हता, कारण वीज गेलेली होती!

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. त्या पडवीला मात्र ते ठाऊक होते. आपल्याकडची हवा नुसती उष्ण नसते, दमट असते. घाम सुकत नाही, म्हणून अंगावरून वारा वाहता राहिला पाहिजे. जैसलमेरला घराला घर चिकटून, गल्ल्या अरुंद ठेवून सावली मिळवतात. कोरड्या हवेत ते शहाणपणाचे. तीच दाटी किनाऱ्यावर केली तर वारा कोंडतो. म्हणून आपली घरे सुटी, भोवती माड-फणस, उतरते कौलारू छप्पर आणि भिंतीवर ऊन-पाऊस येऊ न देणारी लांब वळचण. (ही मंगळुरी कौले आपल्या कन्नड विभागातील मित्रांच्या मुलखातून आली. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कारखाना काढला.)

आता वसाहत पर्यावरणाला पोषक आहे की नाही, हे ठरवण्यासाठी गुणपत्रिका निघाल्या आहेत. अमेरिकेची 'लीड-एनडी', इंग्लंडची 'ब्रीअॅम', आपल्याकडची 'ग्रिहा'. मोजमाप करू नये असे मी म्हणत नाही. पण 'लीड-एनडी'च्या ११० गुणांत झाडांच्या सावलीतल्या रस्त्यांना जास्तीत जास्त २ गुण! थंड देशात ते चालेल. तिथे ऊन अंगावर घ्यायला माणसे बाहेर पडतात. आपल्याकडे सावली नसलेला रस्ता दुपारी असून नसल्यासारखा. दुकान दोनशे पावलांवर असले तरी आजी जाणार नाही, नातू स्कूटर काढील. मग 'सर्व सोयी चालण्याच्या अंतरावर' या सदराचे गुण कोणाला द्यायचे?

जुने ते सारे सोने, असेही कोणी समजू नये. त्या घरांच्या आतल्या खोल्या काळोख्या, लाकडाला वाळवी, आणि वाड्यावाड्यांतली मोकळी जागा पुष्कळदा वाऱ्यासाठी नव्हे, जातीसाठी ठेवलेली. शिवाय प्रत्येकाने चिऱ्याचे सुटे घर बांधायचे म्हटले तर किती डोंगर खणावे लागतील? जमीन तेवढीच, माणसे वाढली. दुमजली, तिमजली घरे बांधावीच लागतील. पण ती वाऱ्याच्या वाटेत आडवी भिंत करून का?

हा प्रश्न पेडण्यात आज तातडीचा आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि जमिनीकडे पाहण्याची सर्वांची नजर बदलली. मोपा हा जांभ्याचा सडा. वरून उजाड दिसतो, म्हणून 'पडीक' समजतात. पण असा सडा पावसाचे पाणी पोटात घेतो आणि पायथ्याचे झरे, विहिरी, कुळागरे जगवतो. त्यावर काँक्रीट ओतले की तेच पाणी जून-जुलैत खालच्या शेतात लोंढ्याने उतरणार आणि एप्रिलमध्ये विहीर तळ दाखवणार. वसाहतीच्या गच्चीवर सौर पट्ट्या बसवल्या म्हणून खालच्या वाड्याचे हे नुकसान भरून निघत नाही. पण गुणपत्रिका वसाहतीच्या कुंपणापाशी थांबते. खालचा वाडा तिच्या हिशेबात कुठे येतो?

माझे म्हणणे साधे आहे. परवानगी मागणाऱ्याने नकाशावर मोटारी कुठे उभ्या राहणार ते दाखवायचे असते. तसेच मे महिन्यात दुपारी तीनला सावली कुठे पडेल, समुद्राकडचा वारा कोणत्या बाजूने शिरेल आणि पहिल्या पावसाचे पाणी कोणाच्या शेतात जाईल, हेही दाखवावे. आणि तो नकाशा ग्रामसभेत मराठी-कोकणीतून वाचला जावा. खालच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना पाण्याची वाट कोणत्याही इंजिनिअरइतकीच ठाऊक असते.

परतताना पलीकडच्या काठावर फेरीबोट थांबलेली होती. धक्क्यावर सावली नव्हती, म्हणून आम्ही तिघे एका माडाच्या बुंध्याच्या सावलीत, एकामागे एक, रांग लावून उभे राहिलो.