आजार लपवू नका, पहिल्याच महिन्यात अर्ज द्या

अंकुशनगरच्या आसपासच्या वस्त्यांतील मुलामुलींना बारावीनंतर शिकायचे म्हटले की बहुतेकांना एसटी धरावी लागते. अंबड, जालना, नाही तर थेट औरंगाबाद. उसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आणि गाडीत उभे राहायला जागा नाही. धडधाकट पोरालाही हा प्रवास थकवतो. मग ज्याचा पाय जन्मापासून अधू आहे, अपघातानंतर ज्याच्या मांडीत सळई बसवली आहे, ज्याचे सांधे वाताने धरले आहेत, किंवा सिकलसेलमुळे ज्याची हाडे अधूनमधून ठणकतात, त्याने काय करायचे?

आमचे इतक्या वर्षांचे पाहणे असे आहे की ही मुले नापास होऊन कॉलेज सोडत नाहीत. ती हळूहळू जायची थांबतात. आधी दोन दिवस बुडतात, मग आठवडा. मग हजेरी भरत नाही. मग "बाहेरून फॉर्म भरू" असे ठरते आणि पुढच्या वर्षी तेही राहून जाते. घरात कोणी रागावत नाही. "जाऊ दे बाळा, आधी तब्येत सांभाळ," असे मायेनेच म्हटले जाते आणि शिक्षण संपते.

म्हणून एक गोष्ट आई-वडिलांना आणि मुलांना कळकळीने सांगतो. आजाराचा कागद प्रवेशानंतर पहिल्याच महिन्यात कॉलेजच्या कार्यालयात गेला पाहिजे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गेलात तर हात जोडावे लागतात. पहिल्या महिन्यात गेलात तर नोंद होते, आणि पुढे वर्षभर त्या नोंदीवर बोट ठेवून बोलता येते.

न दिसणारे दुखणे

कुबडी दिसते, म्हणून गाडीत कोणीतरी उठून जागा देतो. सिकलसेल दिसत नाही. या आजारात रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे असह्य कळा येतात. चार दिवस मुलगी अंथरुणातून उठत नाही, पाचव्या दिवशी वर्गात येऊन बसते. मग सर म्हणतात, "काल-परवापर्यंत आजारी होतीस, आज तर चांगली दिसतेस!" मैत्रिणींना वाटते ढोंग करते. ती गप्प बसते, कारण घरून तिला सांगितलेले असते, की कोणाला बोलू नकोस, उद्या लग्न जमणार नाही.

विदर्भात आदिवासी समाजाबरोबर आपल्या बौद्ध समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि आपल्या सोयरिकी तिकडे होतात. लपवून तो थांबत नाही, उलट वाढतो. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही. लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करणे हा यावरचा उपाय आहे. मुलीचे तोंड बंद ठेवल्याने कोणाचेच भले होत नाही.

नागपूरचे संपत रामटेके यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता. त्यांनी तो झाकला नाही. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी करून ते या रुग्णांच्या हक्कांसाठी झटले. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आज सिकलसेल दिव्यांगत्वाच्या कायद्यात आहे, यामागे अशा उघड बोलणाऱ्या माणसांचे कष्ट आहेत.

कायदा काय देतो

१९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि स्नायू झिजण्याचा आजारही आहे. संधिवात किंवा अपघातामुळे हालचालीवर कायमचा परिणाम झाला असेल, तर तोही मोजला जातो.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजात किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. पण ४० भरले नाहीत म्हणजे सगळे दार बंद, असे समजू नका. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात सांगितले, की लिहिण्यात खरी अडचण असलेल्याला केवळ ४० टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येत नाही. आणि १५ ऑक्टोबर २०२४ ला महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले, की नुसत्या टक्केवारीवर कोणाला अपात्र ठरवू नका. हे शिक्षण तो घेऊ शकतो की नाही ते तपासा.

याच कायद्यात "वाजवी सोय" असा शब्द आहे. म्हणजे इतरांच्या बरोबरीने शिकता यावे म्हणून संस्थेने करायचे योग्य ते बदल. वर्ग तिसऱ्या मजल्यावर असेल तर तो तळमजल्यावर आणणे ही वाजवी सोय आहे. त्यासाठी पैसाही लागत नाही, वेळापत्रक बदलावे लागते.

कागद कसा करायचा

पहिले काम प्रमाणपत्राचे. ऑनलाइन यूडीआयडीसाठी अर्ज भरायचा आणि जालन्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणीला जायचे. जाताना जुने सगळे कागद न्या. सिकलसेलमध्ये किती वेळा दाखल व्हावे लागले, रक्त किती वेळा चढवले, हाडांवर किंवा इतर अवयवांवर काय परिणाम झाला, याला महत्त्व असते. डिस्चार्ज कार्ड हरवले तर दुखणे खरे असूनही टक्के कमी लागतात. एक प्लास्टिकची पिशवी करा आणि सगळे कागद तारखेप्रमाणे त्यात ठेवा. घर गळते, म्हणून पिशवीच हवी.

दुसरे काम प्राचार्यांच्या नावाने अर्ज. अर्ज एका पानाचा पुरे. त्यात चार गोष्टी लिहा: आजाराचे नाव, त्यामुळे काय जमत नाही, कॉलेजकडून नेमके काय हवे, सोबत जोडलेले कागद. "सहकार्य करावे ही विनंती" एवढेच लिहून थांबू नका. "माझे वर्ग तळमजल्यावर घ्यावेत", "रुग्णालयात असलेल्या दिवसांची हजेरीत वैद्यकीय नोंद व्हावी", "प्रात्यक्षिक बुडाल्यास दुसरा दिवस मिळावा" असे साफ लिहा. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती पोच घरी ठेवा. तोंडी "बघू" म्हणणाऱ्या बाबूची बदली होते, पोच मात्र पिशवीत राहते.

हजेरीचे एवढे का म्हणतो? शिष्यवृत्तीही तिच्याशी बांधलेली आहे. महाडीबीटीच्या अर्जात हजेरी विचारतात. ७५ टक्के भरली नाही आणि वैद्यकीय नोंदही नाही, तर आजाराबरोबर शिष्यवृत्तीही जाते. मग फी भरायला बाप उचल घेतो आणि पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. त्यात दिव्यांगांसाठी गुणांची अट ४० टक्क्यांची ठेवली आहे. समाजकल्याण कार्यालयात हे मुद्दाम विचारा. रोजचा प्रवास झेपत नसेल, तर कॉलेजजवळ राहणे हाही औषधाचाच भाग आहे.

परीक्षेसाठीही आधी अर्ज लागतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिक मिळालेल्यांना तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ आहे. ४० टक्क्यांवरच्या, पण लेखनिक न घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही ३ तासांच्या पेपरला किमान १ तास जादा देता येतो.

प्रवासासाठी ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे. सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी वेगळी तरतूद आहे. आगारात कागद दाखवून विचारा.

तब्येतीचे चार नियम

आता परिचारिका म्हणून बोलतो. सिकलसेलच्या मुलाने दिवसभर पाणी प्यायलाच हवे. पाणी कमी पडले की पेशी जास्त अडकतात आणि कळा सुरू होतात. पण कॉलेजात मुली पाणी पीत नाहीत. का? संडास घाण असतो, कडी नसते, पाणी नसते. सकाळी सातला निघालेली मुलगी दुपारी तीनपर्यंत लघवी दाबून बसते. म्हणजे कॉलेजचा संडास हे तिच्या आजाराचे थेट कारण ठरू शकते. अर्जात ही मागणी लाज न बाळगता लिहा.

थंडी, पावसात भिजणे, फार दमणे, उपाशीपोटी जागरण, या सगळ्यांनी त्रास उठतो. म्हणून अभ्यास रोज थोडा करावा. परीक्षेआधी चार रात्री जागून भागत नाही. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती रोजची आहे. बरे वाटते म्हणून बंद करू नये, आणि अधूनमधून रक्ततपासणी चुकवू नये. दुखले की दुकानातून कडक वेदनाशामक आणून खाण्याची सवय कोणत्याही आजारात वाईट, किडनी जाते.

वर्गातल्या एका तरी मित्राला किंवा मैत्रिणीला सगळे माहीत असू द्या. ताप चढला, छातीत दुखून दम लागला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, नजर किंवा बोलणे बिघडले, तर घरी फोन करून वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करून तडक रुग्णालयात न्यायचे आणि आजाराचे नाव सांगायचे.

"सवलत कशाला मागायची?"

असे विचारणारे आपल्यातच खूप आहेत. स्वाभिमानाने सांगतात, की आमच्या पोराला दयेची गरज नाही. बरोबर आहे, दया नकोच. पण चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण भिकारी म्हणतो का? जादा वेळ म्हणजे जादा गुण नाहीत. उत्तर त्यालाच लिहायचे आहे, फक्त त्याचा हात हळू चालतो. आपल्या समाजाने हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक कष्टाने शिकला आहे. मराठवाड्यातल्या वस्त्यांनी विद्यापीठाच्या नावासाठी घरे जळताना पाहिली. १९९४ साली ते नाव लागले. त्याच विद्यापीठाच्या कॉलेजात आपले पोर जिना चढता येत नाही म्हणून घरी बसत असेल, तर ते काम अजून संपलेले नाही.

दुसरे म्हणतात, सांगितले की बोभाटा होतो. तर लक्षात घ्या, कागद प्राचार्यांना द्यायचा आहे, फळ्यावर लिहायचा नाही. कोणाला किती सांगायचे हे मुलीने ठरवावे. मात्र संस्थेला काहीच सांगितले नाही, तर संस्था उद्या म्हणेल, आम्हाला माहीतच नव्हते.

आणि कॉलेजांनाही एक विचारायचे आहे. नॅकच्या तपासणीत रॅम्प, दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह आणि लेखनिक यांची माहिती द्यावी लागते. तो अहवाल संकेतस्थळावर पाहायला मिळतो. पालकांनी मोबाइलवर तो उघडावा आणि कागदावरचा रॅम्प जागेवर आहे का ते जाऊन पाहावे. नसेल तर त्याच पानाची प्रत अर्जाला जोडावी. तरी दाद लागली नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.

प्रत्येक वस्तीत दोन-चार मुले तरी पदवीधर आहेत. जून-जुलैत दोन रविवार विहारात टेबल टाकून बसलात, तर वस्तीतल्या अशा प्रत्येक विद्यार्थ्याचा यूडीआयडीचा अर्ज आणि प्राचार्यांना द्यायचा अर्ज तयार होईल. पोच घ्यायला मात्र आई किंवा बापाने सोबत जावे. पोरगा एकटा गेला तर त्याला उद्या ये म्हणतात.