किल्ली कुंडीखाली

कोणतंही नवीन कमांड-लाइन टूल घ्या. सेटअपच्या सूचनांमध्ये एक ओळ हमखास असते: एपीआय की एक्स्पोर्ट करा, ती ओळ बॅशआरसीमध्ये टाका, झालं! आपणही कॉपी-पेस्ट करतो आणि पुढे जातो. माझं स्पष्ट मत आहे, की ही ओळ म्हणजे घराची किल्ली कुंडीखाली ठेवायला शिकवणं आहे. आणि शिकवणारे कोण? आपणच, इंजिनियर लोक!

आधी नेमकं होतं काय ते बघू. कमांडमध्येच की टाइप केली, तर ती शेलच्या हिस्टरी फाइलमध्ये साध्या अक्षरांत जाऊन बसते. बॅशआरसीमधून एक्स्पोर्ट केली, तर त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला ती फुकटात मिळते, त्याला गरज असो वा नसो. आणि आपल्या डॉटफाइल्स गिटहबवर टाकायची हौस असेल, तर मग बोलायलाच नको.

आता तुम्ही म्हणाल, "लॅपटॉप माझा, कोण बघणारे?" बघतात ते आपणच बोलावलेले पाहुणे. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर 'शाय-हुलुद' नावाचा वर्म पसरला. पॅकेज इन्स्टॉल झालं, की तो मशीनवरची टोकन्स आणि किल्ल्या हुडकायचा, सापडलेला माल त्याच माणसाच्या गिटहब खात्यावर सार्वजनिक रिपॉझिटरीत मांडायचा, आणि एनपीएमचं टोकन मिळालं तर त्याच्या इतर पॅकेजेसमध्येही शिरायचा.

बरं, रिपॉझिटरी खाजगी आहे म्हणून निश्चिंत राहावं, तर तेही नाही. २०१६ मध्ये हल्लेखोर उबरच्या खाजगी गिटहब रिपॉझिटरीत शिरले, तिथे त्यांना ॲमेझॉन क्लाउडची किल्ली मिळाली, आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि ड्रायव्हर यांची माहिती त्यांच्या हाती लागली. त्यात माणसांची नावं होती, फोन नंबर होते. 'क्रेडेन्शियल लीक' म्हटलं, की आपण हे विसरतो.

मग करायचं काय? मॅकवर कीचेन आहे, लिनक्सवर 'सीक्रेट-टूल' किंवा जीपीजीवर चालणारं 'पास' आहे. किल्ली तिथे ठेवायची आणि छोट्या स्क्रिप्टने फक्त त्या एका कमांडला, तेवढ्यापुरती द्यायची. फाइलच हवी असेल, तर ती प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर, परमिशन ६००. हाताने टाकायची वेळ आली तर 'रीड -एस' वापरा. स्क्रीनवर दिसत नाही, हिस्टरीत जात नाही. दहा मिनिटांचं काम आहे, राव.

अर्थात कीचेन म्हणजे शेजारच्या काकू. ओळखीचा आवाज ऐकला तर देतीलही किल्ली. तुमच्या नावाने चालणारा प्रोग्रॅम तुमच्यासारखीच मागणी करू शकतो. म्हणून किल्ली बनवतानाच गरजेपुरते अधिकार, मुदत आणि जमेल तिथे खर्चाची मर्यादा लावायची. फुटल्याचा नुसता संशय आला तरी आधी रद्द, चौकशी नंतर. गिटमधून ओळ डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते.

पण मला खरं भांडायचंय ते वेगळ्याच गोष्टीवरून. किल्ली फुटली, की मीटिंगमध्ये खाली मान घालून बसतो तो टीममधला फ्रेशर. त्याने केलं काय, तर आपल्याच वरिष्ठांनी लिहिलेली रीडमी फाइल ओळीगणिक पाळली! सुरक्षिततेचं वार्षिक ट्रेनिंग, पंचवीस प्रश्नांची क्विझ, हे सगळं ठीक. पण टूलचा सोपा रस्ताच धोक्याचा असेल, तर माणूस त्याच रस्त्याने जाणार. 'एडब्ल्यूएस कॉन्फिगर' होम फोल्डरमधल्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये किल्ली लिहितं. उलट गिटहबचं 'जीएच' लॉगिन करताना टोकन सिस्टिमच्या क्रेडेन्शियल स्टोअरमध्ये ठेवतं, ते नसेल तरच फाइलकडे वळतं. वापरणाऱ्याला काही वेगळं करावं लागत नाही. म्हणजे जमतं की!

असो. टूल बनवणाऱ्या कंपन्या सुधारतील तेव्हा सुधारतील. पण प्रत्येक टीममध्ये दोन-चार घरगुती स्क्रिप्ट्स असतातच आणि त्यांच्या रीडमी आपल्याच हातात असतात. सोमवारी हापिसात गेलात, की तेवढी एक्स्पोर्टची ओळ बदला. नवीन येणाऱ्याला पहिल्याच दिवशी कुंडी दाखवू नका.