थायरॉइडची नक्कल, यकृताला दिलासा

मद्याला न शिवणाऱ्यांच्याही यकृतात चरबी साचते, हळूहळू त्यावर व्रण पडतात आणि अखेरीस सिऱ्हॉसिस ओढवतो. या विकारावर अनेक वर्षे आहार-व्यायामाच्या सल्ल्यापलीकडे मान्यताप्राप्त औषध अमेरिकेत नव्हते. तेथील अन्न व औषध प्रशासनाने १४ मार्च २०२४ रोजी रेस्मेटिरॉमला मंजुरी दिली आणि ही कोंडी फुटली. हे औषध म्हणजे थायरॉइड संप्रेरकाची प्रयोगशाळेत घडवलेली नक्कल आहे.

थायरॉइड संप्रेरकामुळे कोलेस्टेरॉल आणि चरबी घटते, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. मात्र त्याच संप्रेरकाच्या अतिरेकाने हृदयाचे ठोके वाढतात आणि हाडे झिजतात. अमेरिकेतील 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' या चाचणीत हृदयरुग्णांना डेक्स्ट्रोथायरॉक्सिन देण्यात आले होते. त्या गटात मृत्यू अधिक आढळल्याने ते थांबवावे लागले. त्याचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढची वाट पेशींच्या अभ्यासातून सापडली. हे संप्रेरक पेशीकेंद्रातील अल्फा आणि बीटा या दोन प्रकारच्या ग्राहींना बिलगून काम करते. हृदयात व हाडांत अल्फाचे प्राबल्य असते, तर यकृतात बीटाचे. संप्रेरक ज्या पोकळीत बसते, तेथे या दोहोंत अवघ्या एका अमिनो आम्लाचा फरक आहे : अल्फात सेरिन, तर बीटात ॲस्पॅराजिन. एवढ्याशा फटीतून केवळ बीटाला चालेल अशी किल्ली घडवायची, हे रसायनशास्त्रज्ञांपुढील आव्हान होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील थॉमस स्कॅनलन यांच्या गटाने १९९८ मध्ये आयोडीनविरहित 'जीसी-१' सादर करून हे शक्य असल्याचे दाखवले.

तरीही रेणू अचूक बसला म्हणजे औषध सिद्ध झाले, असे नव्हे. एप्रोटिरोमने रुग्णांचे कोलेस्टेरॉल उतरवले खरे. पण कुत्र्यांवरील दीर्घ चाचणीत कूर्चेची हानी दिसताच २०१२ मध्ये त्याचा विकास थांबवण्यात आला. त्यामुळेच रेस्मेटिरॉमच्या यशाचे मोल अधिक. त्याचा बीटाकडे कल तर आहेच, शिवाय ते मुख्यत्वे यकृतातच शिरते.

या यशाची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. ९६६ रुग्णांच्या चाचणीत १०० मिलिग्रॅमच्या मात्रेवर ५२ आठवड्यांनंतर सुमारे ३० टक्के रुग्णांमधील यकृतदाह निवळला. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे बहुसंख्यांना हा लाभ मिळाला नाही. शिवाय ही मंजुरी वेगवर्धित स्वरूपाची होती. सिऱ्हॉसिस आणि मृत्यू टळतात काय, याचा पुरावा पुढील चाचण्यांवर सोपवण्यात आला. अमेरिकेत बाजारात येताना त्याची वार्षिक किंमत सुमारे ४७ हजार डॉलर होती!

भारत सरकारने २०२१ मध्ये या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळते. मात्र या बातमीने भुलून कोणी वजन वा चरबी उतरवण्यासाठी थायरॉइडच्या साध्या गोळ्या घेऊ लागला, तर तो १९७२चाच धोका ओढवून घेईल. साधी गोळी हृदय आणि यकृत असा भेद करीत नाही. तो भेद करू शकणारा रेणू घडवण्यासाठी विज्ञानाला कित्येक दशके खर्चावी लागली.