डांबर फासून सीमा सरकत नाही

चोर्ला घाट चढून बेळगावला जाणाऱ्या गोवेकराला राज्य बदलल्याचे पाट्यांवरूनच कळते. माणसे बदललेली नसतात. कणकुंबी, जांबोटीला कानावर पडते ती मराठीच. म्हणून तिथल्या रस्त्याकडेच्या मराठी नावाला कोणी डांबर फासले की ते आपल्यालाच फासल्यासारखे वाटते.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागत नाही, तेव्हा भांडण पाट्यांवर उतरते. येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून हटवला गेला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले.

येळ्ळूरकरांचे दुःख खरे आहे. गावाने आपल्या वेशीवर आपले मन लिहिले, त्याला लाठी हे उत्तर नव्हे. पण दिशा दाखवणारी पाटी ही वेगळी गोष्ट. ती वाटसरूची. रात्रीच्या वेळी आजारी माणसाला घेऊन इस्पितळ शोधणाऱ्याला त्या डांबराखाली कन्नड होते की मराठी, याच्याशी काय देणेघेणे? आणि कन्नड अक्षर पुसले म्हणून त्या जागी मराठी अक्षर उगवत नाही.

मागायचेच तर हक्काने मागावे. १५ टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्य असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेतच मान्य झाले आहे. कन्नडच्या खाली मराठी ओळ मागणे ही भीक नव्हे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा झाली, तरी मराठीच्या वापराची तरतूद राहिली. ती कागदावर आहे, म्हणूनच आजही तिच्याकडे बोट दाखवता येते.

अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतात, हे कचेरीत बसणाऱ्या मला कोणी सांगायला नको. पण अर्जाला आवक क्रमांक पडतो, आज ना उद्या त्याचे उत्तर द्यावे लागते. डांबराच्या डब्याला कुठलीच कचेरी उत्तर देत नाही.