प्रयोगाला बंद दार लागत नाही

विज्ञानातल्या भयकादंबरीत एक निर्जन बेट असते, एक वेडा शास्त्रज्ञ असतो आणि बंद दाराआड त्याचे गुप्त प्रयोग चाललेले असतात. एच. जी. वेल्सने १८९६ साली डॉ. मोरोचे बेट रंगवले, तेव्हापासून हा साचा झिजलेला नाही. शहरी वाचक रात्री घाबरतो, सकाळी विसरतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या आमच्या माणसाला मात्र विचारावेसे वाटेल की, दार बंद कशाला करायचे? ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्यावर प्रयोग उघड्या मैदानातही करता येतो!

सिरोंच्याजवळून वाहणारी गोदावरी पुढे भद्राचलमला जाते. तेव्हाच्या आंध्रातील त्या खम्मम जिल्ह्यात २००९ साली १० ते १४ वर्षांच्या सुमारे १४ हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस टोचण्यात आली. ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था आणि आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचा हा प्रकल्प. त्यात आदिवासी मुली होत्या, वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. गुजरातेत वडोदरा जिल्ह्यातही असेच झाले. दोन्हीकडे मिळून ७ मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवावे लागले.

सरकारी चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. ते मान्य करू. पण ऑगस्ट २०१३ मधला संसदेच्या स्थायी समितीचा अहवाल काय सांगतो? आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या! निरक्षर आईने अंगठा दिला हा तिचा गुन्हा नव्हे. त्या कागदावर काय लिहिले आहे हे तिला तिच्या बोलीत सांगितले गेले का, हा प्रश्न आहे. आणि वॉर्डन कुणाचा बाप? याला ‘चाचणी’ म्हटलेच नव्हते, ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ म्हटले होते. नाव बदलले की नियम गळून पडतात, ही युक्ती आम्हा बहुजनांना नवी नाही.

अमेरिकेत अलाबामातील टस्कगी येथे सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० काळ्या पुरुषांना १९३२ पासून ४० वर्षे नुसते पाहत ठेवले. पेनिसिलीन आले तरी दिले नाही. ज्या १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्मली, त्याच साली ते उघडकीस आले. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी १९९७ मध्ये माफी तरी मागितली.

आम्ही लसीच्या विरोधात नाही. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्याने विज्ञानाला पाठ दाखवू नये. या कर्करोगाने मरणारी बाई बहुतेक गरिबाघरचीच असते. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ही लस देण्यास प्रोत्साहन देऊ, असे सरकारने जाहीर केले. ती आमच्या मुलींना जरूर मिळावी, आणि फुकट मिळावी. सिकलसेलचेही तेच. हा आजार विदर्भात आदिवासींच्या आणि पूर्वाश्रमीच्या महारांच्या, दोघांच्या रक्तात आहे. २०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी ठरली. रक्त आमचे घेता, तर अहवाल आणि गोळ्याही आमच्या हाती पडल्या पाहिजेत. नुसता आकडा दिल्लीला गेला, तर तो उपचार नव्हे.

संविधानाचे कलम ४६ अनुसूचित जाती-जमातींना सर्व प्रकारच्या शोषणापासून जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. म्हणून गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर या पाचही आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी लेखी परिपत्रक काढावे. आश्रमशाळेत सुई टोचण्याआधी आईबापाला गावात जाऊन, माडिया-गोंडीत समजावून विचारावे. मुख्याध्यापकाची किंवा अधीक्षकाची सही पालकाची म्हणून धरू नये. आणि जी मुलगी ‘नको’ म्हणेल, तिच्या नावापुढे हजेरीपटात शेरा मारू नये.