‘नको म्हणवले नाही’

गेल्या मे महिन्यात धुळ्याकडचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक मुलासोबत माझ्या जळगावच्या दवाखान्यात आले. वय ७३. दोन वर्षे नीट आटोक्यात असलेला त्यांचा रक्तदाब त्या दिवशी १७०/१०० भरला. पावलांवर सूज होती आणि लघवीचे प्रमाण कमी झाले होते. ज्येष्ठ रुग्णांना मी औषधांची पिशवी सोबत आणायला सांगतो. ती टेबलावर रिकामी केली, तेव्हा माझ्या गोळ्यांबरोबर वेदनाशामक गोळ्यांच्या दोन पट्ट्या आणि गुडघ्यांसाठीच्या पावडरीचा एक डबाही निघाला. यांपैकी काहीही मी लिहून दिलेले नव्हते.

“गुरुजी, हे कोणी दिले?”

ते खाली मान घालून म्हणाले, “बीपीची गोळी आणायला गेलो होतो, डॉक्टरसाहेब. काउंटरवरच्या मुलाने विचारले, ‘काका, गुडघे दुखतात का?’ इतक्या आपुलकीने विचारले, की नको म्हणवले नाही.”

मुलगा चिडून म्हणाला, “यांना कोणीही काहीही गळ्यात मारतं!” गुरुजींचा चेहरा उतरला. पस्तीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या माणसाला वीस वर्षांच्या मुलापुढे ‘नको’ म्हणता येऊ नये, हा काही बुद्धीचा दोष नव्हे. त्यामागे शरीराची आणि मनाची काही कारणे आहेत. ती आपण, आणि आपली काळजी घेणाऱ्यांनीही, समजून घ्यायला हवीत.

प्रथम शरीराचे पाहू. वाढत्या वयात कानाची उंच स्वर टिपण्याची शक्ती आधी मंदावते. त्यामुळे आवाज ऐकू येतो, परंतु स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात आणि शब्दाचा अर्थ लागत नाही. दुकानात गाणी लागलेली असतात, पंखे घरघरत असतात आणि विक्रेता बहुधा बाजूने किंवा मागून बोलतो. अशा वेळी पुन्हा विचारण्याचा संकोच वाटून आपण हसून मान हलवतो. आपल्या लेखी ती केवळ सभ्यता असते. विक्रेत्याच्या लेखी मात्र तो होकार ठरतो. त्यातच उभे राहून पाय दुखू लागतात, मधुमेह असल्यास तळवे जळजळतात, काहींना लघवीची घाई होते. मग ‘द्या काय ते आणि मोकळे करा’ अशी मनाची अवस्था होते. घाईत आणि अवघडलेपणात कोणाचाही निर्णय बिघडतो. वयस्करांचा थोडा लवकर बिघडतो, इतकेच.

मनाची बाजू अधिक नाजूक आहे. विक्रेता जवळ आला की आपल्या पिढीला भीड पडते. पूर्वी कापडाच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसवून चहा पाजला जाई, वीस साड्या उलगडल्या जात आणि मग रिकाम्या हाताने उठणे अपराधासारखे वाटे. ती गादी गेली, पण भीड उरली. ‘भीड ही भिकेची बहीण’ असे आपल्याकडे उगाच म्हटलेले नाही. दुसरी भावना एकाकीपणाची आहे. दिवसभरात ज्यांच्याशी कोणी चार शब्द बोलत नाही, त्यांना ‘काका, कसे आहात?’ हा प्रश्न औषधापेक्षाही गोड वाटतो. त्या गोडव्याची परतफेड म्हणून वस्तू घेतली जाते.

मात्र विक्रेत्याने जवळ येणे नेहमीच वाईट असते, असे नाही. साध्या लुगड्यातील आजी झगमगत्या दालनात शिरल्या आणि त्यांना कोणी विचारलेच नाही, तर तेही लागते. आखाजीच्या सुमारास मी आईला घेऊन जळगावच्या सराफ बाजारात गेलो होतो. तेथील एका मुलीने आधी खुर्ची दिली, पाणी दिले, समोर येऊन सावकाश विचारले आणि “हवे असेल तेव्हा हाक मारा” असे सांगून ती दूर झाली. आईने त्या दिवशी काहीच घेतले नाही, तरी ती समाधानाने घरी परतली. ग्राहकाला हवी असते ती अशी मदत, जी बोलावल्यावर येते आणि नको म्हटल्यावर थांबते.

साडी नकोशी निघाली तर पैसे जातात. औषधाच्या दुकानात मात्र प्रकृती पणाला लागते. गुरुजींच्या रक्तदाबाच्या औषधांत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी एक गोळी होती. त्यांत डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची भर पडली. ही तीन औषधे एकत्र आली की मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो आणि रक्तदाबही वाढतो. त्यात आपला खानदेशी उन्हाळा! पारा ४४ अंशांपुढे गेलेला, घामाने शरीरातील पाणी कमी झालेले. अशा वेळी धोका वाढतो. शिवाय अशा वेदनाशामकांमुळे जठरात रक्तस्राव होऊ शकतो. डायक्लोफिनॅकच्या गोळ्या नियमाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या असतात. वेष्टनावर ‘आरएक्स’ ही खूण असते. गुरुजींच्या रक्ततपासणीत क्रिअॅटिनिन वाढलेले आढळले. वेदनाशामक आणि पावडर थांबवून बाकीच्या औषधांत तात्पुरता बदल केला. सुदैवाने तीन आठवड्यांत ते पूर्ववत झाले. प्रत्येकाचे सुदैव इतके बलवत्तर नसते.

म्हणून काही साध्या सवयी लावून घ्याव्यात.

• घरून निघताना यादी लिहून न्यावी आणि यादीबाहेरची औषधी वस्तू त्याच दिवशी घेऊ नये. घरी येऊन, विचारून, दुसऱ्या दिवशी घ्यावी.

• दोन वाक्ये पाठ असावीत. कापडाच्या दुकानात ‘मला नुसते पाहायचे आहे’ आणि औषधाच्या दुकानात ‘आधी डॉक्टरांना विचारतो’. कारणे देत बसू नये. प्रत्येक कारणावर विक्रेत्याकडे उत्तर तयार असते.

• ऐकू आले नाही तर मान हलवू नये. ‘समोर येऊन सावकाश सांगा’ असे निःसंकोच म्हणावे.

• बसायला खुर्ची मागावी. गर्दीची वेळ टाळून सकाळी जावे.

• मोफत तपासणीच्या नावाखाली गादी, तेल, पट्टे विकणाऱ्यांपासून सावध राहावे. मधुमेह, उच्च रक्तदाब, मोतीबिंदू, बहिरेपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. अनावश्यक खरेदी झाल्यावर रागावू नका. रागावलेला ज्येष्ठ पुढच्या वेळी खरेदी थांबवत नाही. तो ती लपवतो. लपवलेली गोळी ही सर्वांत धोकादायक गोळी असते. महिन्यातून एकदा पिशवी एकत्र बसून तपासा आणि दिवसातून थोडा वेळ तुम्हीच विचारा, ‘बाबा, गुडघे कसे आहेत?’ हा प्रश्न घरात विचारला गेला, तर दुकानातल्या प्रश्नाची ओढ कमी होईल.

आणि काउंटरपलीकडच्या त्या मुलांविषयीही थोडी कणव असू द्यावी. त्यांच्यावर बहुधा विक्रीच्या आकड्याचा ताण असतो. दिवसभर उभे राहून टाचा दुखलेली, पायांच्या शिरा फुगलेली अशी मुले माझ्याकडे उपचारासाठी येतात. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातील कामगारांना बसण्याची सोय कायद्याने मिळवून दिली. आपला ‘नको’ ठाम असावा, परंतु तो त्या मुलाचा अपमान करणारा नसावा.

मागील महिन्यात गुरुजी तपासणीला आले. रक्तदाब १३०/८०. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, परवा पुन्हा त्या मुलाने एक टॉनिक पुढे केले. मी म्हटले, ‘आधी डॉक्टरांना विचारतो.’”

“मग तो काय म्हणाला?”

गुरुजी हसले. “म्हणाला, ‘बरं काका.’ एवढंच!”